नरोली : एका लहान गावाची मोठी साक्ष

बडोद्याहून मुंबईकडे जाताना वापी मागे पडली की थोड्याच वेळात भिलाड नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. तेथून पूर्वेस जो रस्ता फुटतो तो नरोलीला जातो. गेल्या पावसाळ्यात काही कामानिमित्त त्या बाजूस जाणे झाले, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी केली. कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, मालमोटारींची रांग आणि त्या गर्दीतून मधूनच डोकावणारे एखादे भाताचे खाचर, असा सगळा देखावा. पुढे दमणगंगा आणि नदीपलीकडे सेलवास. येथे एकेकाळी पोर्तुगिजांचा अंमल होता हे कोणी सांगितल्यावाचून कळू नये, इतके गाव बदलून गेले आहे.

या नरोलीत २८ जुलै १९५४ च्या रात्री पोर्तुगिजांची पोलीस चौकी पडली. त्याआधी सहा दिवस, २२ जुलैच्या रात्री, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स या संघटनेच्या फ्रान्सिस मास्करेन्हस, वामन देसाई प्रभृती मंडळींनी दादरा घेतले होते. त्या चकमकीत चौकीचा अधिकारी अनिसेतो रोझारिओ मारला गेला. नरोलीवर चालून गेले ते आझाद गोमंतक दलाचे आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तरुण. दिवस भर पावसाळ्याचे, मध्ये दमणगंगा, तेव्हा सेलवासहून कुमक वेळेवर येणे अवघडच होते. चौकीतल्या शिपायांनी शस्त्रे खाली ठेवली. २ ऑगस्टला सेलवास मुक्त झाले, आणि खानवेलच्या बाजूस माघार घेतलेल्या कॅप्टन फिदाल्गोने ११ ऑगस्टला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन होऊन या प्रकरणावर पडदा टाकला.

ही हकीकत आपल्याकडील जुन्या मंडळींनी अनेकदा ऐकलेली आहे. सेलवासच्या तुकडीत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, राजाभाऊ वाकणकर होते. मोहिमेला पैसा हवा म्हणून पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता. त्यानंतर वर्ष पुरे व्हायच्या आत, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. आज त्या चाली ऐकताना हा संगीतकार काही महिन्यांपूर्वी सेलवासच्या चिखलातून गेला होता याची आठवण कितीजणांना होत असेल? असो. प्रस्तुत लेखाचा विषय शौर्य हा नाही. नरोलीची ती चौकी ज्या राजवटीची होती तिला जगातील मोठमोठ्या लोकशाही राष्ट्रांनी काय म्हणून जवळ केले, आणि ती चौकी ज्यांनी घेतली त्यांच्यापैकी काहींशी आपल्या स्वतःच्या लोकशाहीचे कसे जमले, हे दोन प्रश्न या लहान गावात एकत्र आले आहेत. त्यांचा थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम त्या राजवटीविषयी. आपण ‘पोर्तुगीज’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे येतात ते सोळाव्या शतकातले गलबतवाले. १९५४ साली नरोलीवर राज्य होते ते मात्र आन्तोनियु द ऑलिव्हेरा सालाझार या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचे. १९२६ च्या लष्करी उठावानंतर हा गृहस्थ १९२८ मध्ये अर्थमंत्री झाला, १९३२ मध्ये पंतप्रधान, आणि १९३३ मध्ये त्याने ‘नवे राज्य’ म्हणून एक राज्यघटना आणली. या नव्या राज्यात पक्ष एकच, वर्तमानपत्रांवर आधी तपासणी, आणि विरोधकांसाठी गुप्त पोलीस. गोव्यात तर लग्नपत्रिका छापावयाची झाली तरी ती आधी सरकारला दाखवावी लागे. मुसोलिनीसारखी छाती काढून भाषणे करणे सालाझारच्या स्वभावात नव्हते. तो शांतपणे, हिशेबाच्या वहीत आकडे मांडावेत तसे राज्य करी. तथापि मे १९४५ मध्ये हिटलरच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा पोर्तुगालमधील सरकारी झेंडे अर्ध्यावर उतरविण्यात आले, ही गोष्ट पुष्कळ सांगून जाते. महायुद्धात हुकूमशाह्या धुळीस मिळाल्या असे जग म्हणत होते. त्याच साली सालाझारने आपल्या गुप्त पोलिसांना पीडे हे नवे नाव दिले आणि काम पूर्ववत चालू ठेवले.

आता १९४९ हे एक साल घ्या. त्या सालात, अवघ्या चार महिन्यांत, तीन गोष्टी घडल्या आणि तिन्हींचे धागे पुढे नरोलीत येऊन मिळाले. ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टन येथे उत्तर अटलांटिक करार झाला. त्या कराराच्या प्रस्तावनेत लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य यांचा गौरव आहे, आणि त्याखाली अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांच्या सह्यांबरोबर सालाझारच्या पोर्तुगालचीही सही आहे. हे असे का झाले? अटलांटिक महासागराच्या मध्यावर अझोर्स नावाची पोर्तुगिजांची बेटे आहेत. तेथला विमानतळ महायुद्धात दोस्तांना मिळाला होता आणि पुढे रशियाशी वाकडे आले तर तो हाताशी हवा होता. लोकशाहीच्या संरक्षणासाठी लोकशाही नसलेल्याला पंगतीत घेतले, आणि पंगतीत घेतल्यावर त्याच्या घरातल्या गोष्टी विचारणे हे शिष्टाचारात बसेनासे झाले.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. सयाजीराव महाराजांनी शाळा काढल्या, ग्रंथालये काढली, हे सर्व खरे; परंतु राजाने चांगले केले काय आणि वाईट केले काय, शेवटचा शब्द राजाचा. विलीनीकरणानंतर पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत दरबारी मानकरी आणि त्यांच्याकडची मोलकरीण यांच्या मताचे मोल एक झाले. आपल्या वाडवडिलांपैकी काहींना ही गोष्ट पचविण्यास वेळ लागला, हे प्रामाणिकपणे कबूल करावयास हवे.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. गांधीजींच्या खुनानंतर ४ फेब्रुवारी १९४८ रोजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी आली होती. ती जुलै १९४९ मध्ये उठली. उठताना सरदार पटेलांच्या गृहखात्याने अट घातली ती अशी की, संघाने आपली लेखी घटना करावी, देशाच्या घटनेशी व राष्ट्रध्वजाशी निष्ठा मान्य करावी, आणि राजकारणाबाहेर राहून सांस्कृतिक काम करावे. संघ स्वतःला सांस्कृतिक संघटना म्हणवतो. राज्यशास्त्राचे अनेक अभ्यासक त्याची गणना उजव्या बाजूच्या, कोणी टोकाच्या उजव्या, चळवळींत करतात. संघ आणि सालाझारची राजवट यांना एका मापाने मोजणे न्याय्य होणार नाही: एक हाती सत्ता नसलेली संघटना, दुसरी पोलीस आणि तुरुंग हाती असलेले सरकार. शिवाय १९४८ च्या त्या दिवसांत कोल्हापूर, सांगली, सातारा भागांत जमावाने जी घरे जाळली त्यांत आपल्यापैकी कित्येकांच्या नात्यागोत्याची घरे होती. त्या धगीमुळे या विषयाकडे थंड डोक्याने पाहणे आजही आपल्याला कठीण जाते. तरीही पाहिले पाहिजे. ज्या संघटनेविषयी भय वाटते तिचे काय करावे, या प्रश्नाला नव्या भारतीय लोकशाहीने दिलेले उत्तर असे होते: आधी बंदी, मग लेखी नियम, मग मोकळीक. हे उत्तर बरोबर की चूक यावर आजही वाद आहे. पण ते उत्तर नियमाच्या भाषेत होते, एवढे निश्चित.

या तीन धाग्यांची गाठ १९५४ च्या पावसाळ्यात पडली, आणि ती गाठ पाहून नवल वाटते. नगरहवेलीच्या सीमेवर भारताच्या विशेष राखीव पोलिसांचा जो पहारा होता त्याचे प्रमुख होते जमशेद नगरवाला. सहा वर्षांपूर्वी मुंबईचे पोलीस अधिकारी या नात्याने गांधी-खुनाचा तपास ज्यांनी केला तेच हे नगरवाला. १९४८ मध्ये मुंबईचे गृहमंत्री मोरारजी देसाई होते. १९५४ मध्ये तेच मुख्यमंत्री होते. ज्या संघटनेच्या कार्यकर्त्यांना आदल्या पर्वात तुरुंगात टाकले, तिचेच तरुण आता हत्यारे घेऊन सीमेपार जात होते आणि सरकार दुसरीकडे तोंड करून उभे होते. पोर्तुगीज कुमकेला दमणहून भारताच्या मुलखातून जाऊ द्यावयाचे नाही, एवढे सरकारने उघडपणे केले; बाकीचे तरुणांवर सोडले. त्या तरुणांत संघाचे होते तसे गोव्याचे राष्ट्रवादी होते आणि वारल्यांत काम केलेले कम्युनिस्टही होते. एकमेकांवर त्यांचा विश्वास बेताचाच होता. कोणते गाव कोणी आधी घ्यावे याची चढाओढही होती.

येथे एक अवघड प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. सालाझार उपयोगी म्हणून पाश्चात्त्य लोकशाह्यांनी त्याच्याकडे काणाडोळा केला, यावर आपण बोट ठेवतो. मग आपल्याही सरकारने उपयोगी म्हणून सशस्त्र खाजगी तुकड्यांकडे काणाडोळा केला, त्याचे काय? हेतू चांगला होता, शत्रू हुकूमशहा होता, रक्तपात थोडा झाला, हे सर्व मान्य. परंतु सरकारी बंदूक आणि खाजगी बंदूक यांतली रेघ एकदा पुसली की पुढच्या वेळी ती कोण पुसेल हे सांगता येत नाही. या मोहिमेचे खरे मोल त्यामुळेच चौकी पडली त्या रात्रीत नाही, पुढच्या सात वर्षांत आहे.

त्या सात वर्षांत काय झाले? मुक्त केलेला मुलूख कोणत्याही संघटनेने स्वतःच्या हाती ठेवला नाही. गावोगाव पंचायती आणि त्यांवर एक वरिष्ठ पंचायत, अशी व्यवस्था बसली. आप्पासाहेब करमळकर पहिले प्रशासक झाले. पोर्तुगीज तिकिटांवरच ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाचा शिक्का मारून टपाल चालले. भारतात असूनही कागदोपत्री भारत नाही, पोर्तुगालचे असूनही पोर्तुगालचे नाही, असा हा ७२ गावांचा चिमुकला मुलूख १९५४ ते १९६१ असा स्वतःच स्वतःचा कारभार पाहत होता. शेवटी वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव केला. सनदी अधिकारी के. जी. बदलानी हे तेथे पाठविले गेले, आणि भारताच्या पंतप्रधानांबरोबर सह्या करता याव्यात म्हणून एक दिवसापुरते त्या मुलखाचे प्रमुख झाले. ११ ऑगस्ट १९६१ रोजी दहाव्या घटनादुरुस्तीने हा मुलूख भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला. ज्यांनी बंदुकीने घेतले त्यांनी ठरावाने दिले, असे थोडक्यात म्हणता येईल.

दरम्यान सालाझार गप्प बसला नव्हता, आणि त्याला कायद्याचीही वाट मोकळी होती. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला आणि त्यानंतर आठच दिवसांनी त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. दमणहून दादरा-नगरहवेलीत जाण्याचा आपला हक्क भारताने मोडला, अशी त्याची तक्रार होती. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांच्याकडे होती आणि या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून भारतातर्फे म. क. छागला बसले होते. त्या दूरच्या दरबारात पेशवाईची दप्तरे उघडली गेली. १७७९ चा तह, १७८३ आणि १७८५ च्या सनदा आणि बारा हजार रुपये वसुलाचा मुलूख यांचा काथ्याकूट झाला. प्रश्न असा होता की, मराठ्यांनी पोर्तुगिजांना हा मुलूख कायमचा देऊन टाकला, की नुसता त्याचा वसूल दिला?

आपल्या घरांतून सरंजाम म्हणजे काय हे पोरासोरांना सांगावे लागत नाही. पेट्यांच्या तळाशी अजून सनदा सापडतात. हेगच्या न्यायमूर्तींना मात्र तो शब्द शिकावा लागला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात त्यांनी म्हटले की, मराठ्यांनी पोर्तुगिजांना दिली ती जहागीर अथवा सरंजाम होती, मुलखावरचे सार्वभौमत्व नव्हते. पुढे इंग्रजांनी पोर्तुगिजांचा अंमल मुकाट्याने मान्य केला, त्यामुळे त्यांचा हक्क तयार झाला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला १९५४ मध्ये होता असे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारे नेण्याचा हक्क नव्हता, असे ८ विरुद्ध ७ मतांनी ठरले. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी. म्हणजे कोणालाच सगळे मिळाले नाही, पण नगरहवेली पोर्तुगिजांना परत मिळण्याचा मार्ग मिटला.

हा निकाल वाचताना एक गोष्ट मनाला टोचते. तह, सनदा, वहिवाट या सर्वांची त्यात बारकाईने छाननी आहे. मात्र ज्या सरकारने दावा लावला ते आपल्या स्वतःच्या प्रजेने मोकळेपणी निवडलेले आहे काय, हा प्रश्न न्यायालयापुढे आलाच नाही. कायद्याच्या दृष्टीने तो येण्याचे कारणही नव्हते. ज्यांनी तो विचारावयास हवा होता त्या मित्रराष्ट्रांनी तो विचारला नाही. उलट २ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या पत्रकात गोव्यासारख्या मुलखांचा उल्लेख ‘पोर्तुगीज प्रांत’ असा झाला आणि भारतात संताप उसळला. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालून वीसहून अधिक माणसे पडली होती. पुढे डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या तेव्हा सुरक्षा समितीत भारताला माघार घेण्यास सांगणारा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी आणला. रशियाच्या नकाराधिकाराने तो पडला. जे लोक बळाचा वापर केल्याबद्दल भारताला बोल लावीत होते त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. पण सालाझारच्या बळाविषयी ते बारा वर्षे मौन पाळून होते, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन आले नाही.

सालाझारची ही राजवट कोणावर चालत होती हे समजण्यासाठी एका मराठी माणसाची हकीकत पुरेशी आहे. मोहन रानडे हे मूळचे सांगलीचे. गोव्यात शिक्षक म्हणून राहिले, आझाद गोमंतक दलात शिरले आणि नगरहवेलीच्या मोहिमेतही होते. ऑक्टोबर १९५५ मध्ये गोव्यात बेती येथील चौकीवरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. त्यांना पोर्तुगालला नेले आणि लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात ठेवले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी रानडे तुरुंगातच राहिले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी जिवापाड खटपट केली. रानडे सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये.

काशियासच्या त्या किल्ल्यात रानडे एकटे नव्हते. पीडेने धरलेले पोर्तुगीज कामगार, विद्यार्थी, लेखक, कम्युनिस्ट आणि लोकशाहीवादी तेथेच ठेवले जात. नरोलीच्या चौकीमागे जे सरकार उभे होते तेच लिस्बनच्या माणसाच्या दारावरही मध्यरात्री थाप मारीत होते. १९५४ सालच्या आपल्या लोकांना याची फारशी कल्पना नसावी. ‘फिरंगी’ म्हटले की सगळे एक, असाच आपला समज. परंतु २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालच्या सैनिकांनीच ती राजवट उलथून टाकली, लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत फुले खोवली, आणि दोन दिवसांच्या आत काशियासचे दरवाजे उघडले. आणि मग काय झाले पाहा. ज्या प्रश्नावर वीस वर्षे खटले, ठराव, गोळीबार झाले तो प्रश्न नऊ महिन्यांच्या आत मिटला. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार होऊन पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. सही करणारे दोन परराष्ट्रमंत्री होते मारिओ सुआरिश आणि यशवंतराव चव्हाण. सुआरिश यांना पीडेने अनेकदा तुरुंगात टाकलेले आणि साओ तोमे बेटावर हद्दपार केलेले. चव्हाण बेचाळीसच्या चळवळीत सातारा जिल्ह्यात भूमिगत राहून तुरुंग भोगलेले. दोन देशांचे जुने कैदी एका टेबलाशी बसले आणि भांडण संपले. भांडण कोणाशी होते ते यावरून कळते.

नरोलीची साक्ष ती ही. उजव्या टोकाची राजवट दूरच्या देशात असली, तिची बेटे आपल्या उपयोगाची असली आणि तिचे तुरुंग आपल्याला दिसत नसले, म्हणजे लोकशाही राष्ट्रांना ती चालते. घरातल्या चळवळीविषयीही तोच मोह असतो. उपयोगी पडते तोवर नियम सैल होतात. मोहापासून वाचविते ती लेखी घटना, पंचायतीचा ठराव, न्यायालयाची छाननी, आणि हातात आलेली सत्ता वेळेवर खाली ठेवण्याची सवय. त्यात कोणत्याही बाजूला सूट दिली की तिचे पैसे कोणा नरोलीला भरावे लागतात.

आणि नरोलीचा हिशेब अजून पुरता चुकता झालेला नाही. चौकी पडली १९५४ मध्ये; पण तेथल्या वारली, कोकणा, धोडिया माणसाला लोकसभेसाठी स्वतःचे मत टाकता आले ते १९६७ मध्ये. तोवर त्यांचा प्रतिनिधी राष्ट्रपती नेमीत. कसणाऱ्याला जमीन देणारा कायदा आला १९७१ मध्ये. २०२० मध्ये हा प्रदेश दमण-दीवशी जोडला गेला, तरी तेथे विधानसभा नाही. परतताना पुलावर क्षणभर थांबलो. दमणगंगा दुथडी भरून चालली होती, गढूळ आणि वेगवान. त्या रात्रीही अशीच असावी. पलीकडच्या काठावर कारखान्याची पाळी सुटली होती आणि माणसांचे थवेच्या थवे छत्र्या सावरीत घरी निघाले होते.